पिवळ्या रेघेवरची लाल रेघ

मंडळी, इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. वाचतो, हसतो, बायकोला वाचून दाखवतो... एक-दोनदा खाली खवचट प्रतिसादही टाकलेत — "गाडी घाटात आपोआप बंद पडली? प्लग साफ करा, भूत पळून जाईल." ज्यांना तो लागला असेल त्यांची आज माफी मागतो. माझं आयुष्य नट-बोल्टात गेलंय. बोल्ट घट्ट असतो किंवा सैल असतो, तिसरं काही नसतं, एवढीच माझी श्रद्धा. अजूनही बरीचशी तीच आहे. पण गेल्या दसऱ्याला जे घडलं ते या दोन्हींत कुठे बसवायचं ते मला कळलेलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरातला टर्नर. पन्नाशी उलटलीय. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं गॅरेज आहे. 'आमचं' म्हणजे माझं आणि सदाचं. सदा माझा उद्यमनगरपासूनचा दोस्त. दोघं एकाच लेथवर शिकलो, दोघं इथे आलो. काम एकच — जुन्या अमेरिकन मसल कार. वरून गाडी होती तशी ठेवायची, तेच लांबलचक बॉनेट, तेच क्रोम... आणि आतून सगळं आजचं. नवं इंजिन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, थंडगार एसी. इथे शौकीन पुष्कळ आहेत.

आमच्या गॅरेजची एक रीत होती, आणि नाव झालं ते त्या रीतीमुळे. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा कुठलाही बोल्ट आवळला की त्यावर पेंट मार्करची रेघ मारायची. बोल्टवरून सुरू होऊन खालच्या लोखंडावर उतरलेली, म्हणजे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ही रेघ सगळेच मारतात. आमच्याकडे दोन असायच्या. आवळणाऱ्याची पिवळी — ती माझी. मग दुसऱ्याने तोच बोल्ट पुन्हा तपासायचा आणि लाल मारायची — ती सदाची. सदा डावखुरा, त्यामुळे त्याची रेघ नेहमी तिरकी. तपासताना बोल्टशी बोलायची सवय होती त्याला. टॉर्क पाना — म्हणजे ठरलेला ताण आला की 'टक्' करतो तो — तो लावायचा, टक् झालं की हळूच म्हणायचा, "बस बाळा, बस." आणि माझा एखादा सैल सापडला की — "रेघ मारायला काय लागतंय रं? आवळायला मनगट लागतंय!"

सदा दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर कोल्हापूरला गेला आणि तिकडेच हार्ट अटॅकने गेला. त्याचं सामान मीच खोक्यात भरून मनीषावहिनींकडे पाठवलं, लाल मार्करसकट. नंतर एकदा फोनवर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ह्यांची लाल रेघ आता कोण मारतं?" मी म्हटलं, "इरफान मारतो वहिनी." इरफान आमचा डेंटिंग-पेंटिंगवाला, पेशावरचा. खोटं होतं ते. कोणीच मारत नव्हतं. मी एकटा आवळायचो, एकटा रेघ मारायचो, आणि गिऱ्हाइकाला मात्र "आमच्याकडे दोन माणसं तपासतात" हे पाठ केल्यासारखं सांगायचो.

आता गाडी. खालिद म्हणून रास अल खैमाचा एक इमिराती (नाव बदललंय). त्याच्या वडिलांची गडद हिरवी, दोन दारांची, सत्तरच्या आसपासची मसल कार पंचवीसेक वर्षं शेडमध्ये पडून होती. वडील वारलेले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तिची इच्छा एकच होती — या गाडीत बसून जबल जैसवर जायचं. नवी नवरी म्हणून ती या गाडीत बसली तेव्हा त्या डोंगरावर रस्ताच नव्हता. नवरा म्हणायचा, रस्ता होईल तेव्हा नेईन. रस्ता झाला तेव्हा तो नव्हता.

आईला तो उम्मी म्हणायचा. मला म्हणाला होता, "उस्ताद, बाहर से बाबा की गाड़ी, अंदर से उम्मी का सोफ़ा. समझे?"

आम्ही तेच केलं. सीटखाली नवा फोम, दारांतून बाहेरचा आवाज दाबणारी शीट, तिच्या पायाशी वेगळा एसीचा झोत. पुढचे जुने ड्रम ब्रेक काढून मोठे डिस्क बसवले. ट्रायल झाली. पुढचे ब्रेक किरकिरत होते, म्हणून वेगळे पॅड मागवले. एवढंच काम उरलं होतं.

पॅड आले खंडेनवमीला दुपारी. आमच्याकडे नवमीला हत्यारांची पूजा होते... पाने, स्क्रू ड्रायव्हर, जॅक सगळं धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू. जुन्या लोकांनी तलवार ठेवली असती त्या जागी, मधोमध, सदा टॉर्क पाना ठेवायचा. मीही तेच करत आलो. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला उचलेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. सदा यात फार कडक होता.

पूजा होऊन गेली होती आणि पॅड आले. खालिदचे सकाळपासून तीन मेसेज — ब्रेक झाले का, व्हिडिओ पाठवा, उम्मीला दाखवायचाय. मी इरफानला म्हटलं, "तेरा डिब्बा दे." त्याची हत्यारं पूजेत नसतात. त्याच्या छोट्या रॅचेट पान्याने मी ब्रेकचा चिमटा — कॅलिपर — धरून ठेवणारे ब्रॅकेट खोलले, पॅड घातले, बोल्ट परत बसवले. बसवले म्हणतोय, आवळले नाहीत. त्या रॅचेटला तेवढा ताण देता येतच नाही. म्हटलं, परवा गाडी द्यायचीय, उद्या पूजा उचलली की टॉर्क करू. आणि मग...

आणि मग व्हिडिओसाठी मी त्या सैल बोल्टांवर पिवळी रेघ मारली. रेघेशिवाय काम अर्धवट दिसतं म्हणून. मोबाइल धरून बोललोसुद्धा — "देखो खालिद भाई, सब टाइट, सब मार्क." खालिदने अंगठा पाठवला. मी हात धुऊन घरी गेलो.

दसऱ्याला सकाळी घरी पूजा, श्रीखंड-पुरी, दुबईतल्या देऱ्याहून मेव्हण्याचं कुटुंब आलेलं. गप्पा रंगलेल्या. इरफानचा फोन आला.

"उस्ताद, खालिद भाई आए हैं अम्मी को लेकर. बोलते हैं आज ही गाड़ी दे दो, अम्मी का बहुत दिल है. मैंने पहिए चढ़ा दिए, अंदर निशान तो लगे हैं. दे दूँ?"

माझ्या हातात पुरी होती. मेव्हणा काहीतरी विनोद सांगत होता. मी म्हटलं, "हाँ हाँ, दे दे. सब रेडी है."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आठवलंच नाही. त्याबद्दल मी स्वतःला कदाचित माफ करू शकेन. पुढच्याबद्दल नाही.

जेवण झाल्यावर पूजा उचलायला गॅरेजवर गेलो. सुट्टी होती, इरफानही खोलीवर गेला होता. पाटावरून झेंडू काढला, टॉर्क पाना उचलला... त्याच्या आकड्यांच्या कड्यावर कुंकू तसंच होतं. ओल्या बोटाने लावलेलं, वाळून कडक झालेलं. कडं फिरवलं असतं तर ते फुटलं असतं. पाना नवमीपासून हललेलाच नव्हता. आणि समोर गाडी उचलायची लिफ्ट रिकामी.

तेव्हा आठवलं. ब्रॅकेटचे बोल्ट सैल, म्हणजे उताराला ब्रेक दाबत राहिलं की ते हळूहळू निघायला लागणार. कॅलिपर निसटला तर एक तर ब्रेक नाही, नाही तर चाक एकदम जाम. आणि खालिद आईला घेऊन निघाला होता डोंगरावर. चढणं सोपं असतं हो. उतरायचं होतं त्यांना.

फोन खिशातून काढला. खालिदचा नंबर सगळ्यात वर होता, कालच्या अंगठ्यासकट. आणि मी फोन लावला नाही.

हे मी आजवर दोघांनाच सांगितलंय. बायकोला अजून नाही. फोन लावला तर सांगावं लागलं असतं की व्हिडिओ खोटा होता. दोन माणसं तपासतात हेही खोटं. नाव गेलं असतं, सदाने आणि मी मिळून कमावलेलं. मी स्वतःला म्हटलं, ते वाटेत थांबतील, आपण गाठू, काहीतरी निमित्त सांगून बोल्ट आवळू, कोणाला कळणार नाही. पाना शेजारच्या सीटवर टाकला आणि गाडी एमिरेट्स रोडला काढली.

त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना नुसती वाळू. मी प्रत्येक हिरव्या ठिपक्याकडे बघत होतो. वाटेत मुलीचा फोन आला. "बाबा, व्हेअर आर यू? मामा इज लीव्हिंग." मी म्हटलं, काम आहे. "ऑन दसरा? यू साउंड वियर्ड, बाबा." मी फोन ठेवला. प्रत्येक ब्रिजखालून जाताना ठरवायचो, आता लावतो. मग पुढचा ब्रिज यायचा. रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टऱ्या दिसायला लागल्या, मागे डोंगर दिसला, तेव्हा कुठे हात गेला आणि नंबर लावला. पूर्ण रिंग वाजली. उचलला नाही. परत लावला. नाही.

तेव्हा मी सदाला हाक मारली. हाक म्हणजे... प्रार्थना वगैरे नाही. चिडून ओरडलो मी, बंद काचांच्या आत एकटा — "तू असतास तर हे झालं असतं का रं? ये की आता, मार तुझी लाल रेघ!" असं काहीतरी. डोळ्यांना धड दिसत नव्हतं.

डोंगराचा रस्ता सुरू होण्याआधी एक पेट्रोल पंप आहे. चहाचं दुकान, छोटी मशीद. तिथे कडेला ती उभी होती. हिरवी गाडी. सावलीत, इंजिन चालू, एसी चालू. पुढच्या सीटवर खालिदची आई. खालिद नाही. मागून कळलं, तो नमाजला गेला होता, फोन गाडीतच होता.

मी पाना घेऊन धावलो. उम्मीला सलाम केला. त्या पिढीच्या बायकांना हिंदी येतं. काच खाली करून त्या हसल्या. "फिर आ गया? अभी तो किया."

मी ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. माझं लक्ष चाकाकडे होतं. पुढची चाकं पूर्ण डावीकडे वळलेली होती. पंपावर सरळ लावलेल्या गाडीची चाकं कोणी अशी ठेवत नाही. पण चाक पूर्ण वळवलं की मागच्या बाजूने ब्रॅकेटचे बोल्ट दिसतात, आणि पानाही पोचतो. मी गुडघ्यावर बसलो. मोबाइलचा टॉर्च मारला.

माझी पिवळी रेघ बोल्टाच्या डोक्यावर होती आणि खालच्या लोखंडावरही होती — पण आता ती जुळत नव्हती. बोल्ट फिरला होता. सैल व्हायच्या बाजूला नाही. घट्ट व्हायच्या बाजूला. आणि त्यावरून एक नवी, सलग रेघ होती. लाल. तिरकी.

मी पाना लावला. जोर द्यायच्या आतच — टक्. केसभरही फिरला नाही. दुसरा. टक्. खिडकीतून आत हात घालून, स्टिअरिंग फिरवून चाकं उजवीकडे वळवली, तिकडचे बघितले. तेच. रेघेला बोट लावलं तर बोटाला लागली. ओली होती. मला आधी वाटलं पान्याचं कुंकू असेल. वास घेतला. पेंटचा वास होता.

उम्मी खिडकीतून बघत होत्या. मी विचारलं, "उम्मी, अभी कौन आया था?"

"तू आया था ना? नीचे बैठा था. मुझे तो दिखा नहीं, बोनट इतना लंबा है." त्यांनी हाताने स्टिअरिंग दाखवलं. "ये अपने आप घूमा. इधर, फिर उधर. मैंने बोला, वाह! मेरे आदमी के टाइम में तो दोनों हाथ से खींचना पड़ता था. आजकल सब अपने आप होता है ना?"

असलं काही आम्ही त्या गाडीत बसवलेलं नाही. पॉवर स्टिअरिंग हलकं असतं, पण फिरवायला माणूस लागतो.

"फिर टक-टक हुआ," त्या म्हणाल्या, "जैसा अभी तूने किया. और तू बात कर रहा था." मग जरा गालात हसल्या. "ये बाला कौन है? तेरा लड़का है?"

"बाला?"

"हर टक के बाद बोलता था. बस बाला, बस. इतना प्यार से..."

मंडळी, तिथे पंचेचाळीस डिग्री नसेल, पण उन्हाळा अजून उतरला नव्हता. आणि मला थंडी वाजली.

तेवढ्यात खालिद आला, हातात कडक चहाचे दोन कागदी कप. मला गुडघ्यावर बसलेला, हातात पाना घेतलेला बघून थांबला. "उस्ताद! यहाँ तक आ गए? ईद-दिवाली छोड़ के?"

उम्मी अरबीत काहीतरी भरभर बोलल्या. खालिदचा चेहरा बदलला. त्याने एक कप माझ्या हातात दिला, स्वतःचा. "उम्मी बोल रही है, आप हमारे पीछे-पीछे आए, आख़िरी चेक करने. सच में? आप ने किया?"

हीच ती जागा. इथे मी सांगू शकलो असतो.

मी म्हटलं, "हाँ. आदत है हमारी."

त्याने मला मिठी मारली. उम्मींनी खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. आणि ते वर गेले, खाली आले, रात्री मला वरून काढलेला फोटो पाठवला — डोंगर, हिरवी गाडी, आणि बॉनेटला टेकून उभ्या उम्मी, काठी न घेता.

मी त्या पंपावर किती वेळ बसलो आठवत नाही. चहा तसाच गार झाला.

कारणं मी शोधली, यावर विश्वास ठेवा. पंपावरच्या मुलांना विचारलं, कोणी मेकॅनिक आलेला पाहिलेला नाही. इरफानला विचारलं. तो तर खोलीवर झोपला होता, आणि ब्रॅकेटचे बोल्ट किती ताणावर आवळायचे हे त्याला माहीतही नाही. गॅरेजमध्ये लाल मार्कर नाही, सदा गेल्यापासून मी आणलाच नाही. कधीकधी मनात येतं, सकाळी कोणीतरी गॅरेजमध्येच केलं असेल. पण मग रेघ इतक्या तासांनी ओली कशी? आणि मी खिडकीतून आत हात घालेपर्यंत त्या स्टिअरिंगला कोण होतं?

आठवड्याने मनीषावहिनींना व्हिडिओ कॉल केला. खोकं उघडायला सांगितलं. लाल मार्कर तळाशी होता. त्यांनी टोपण काढून पेपरवर ओढून दाखवला. काही उमटलं नाही. खडखडीत वाळलेला.

"काय झालंय भाऊजी?"

मी पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. दुसरी रेघ कोणी मारत नव्हतं, हेसुद्धा. वाटलं, रडतील किंवा चिडतील. त्यांनी मार्करला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तुमचे सैल बोल्ट हे कितीदा तरी गुपचूप आवळायचे. घरी फोनवर हसत सांगायचे मला. तुम्हाला सांगू नको म्हणायचे, मनाला लावून घेतो म्हणून. तुम्हाला वाटायचं का, की सगळे घट्टच असायचे?"

खरंय. मला तसंच वाटायचं. ओरडायचा तो कधीतरी एकदा. बाकी वेळा गप्प आवळत होता.

आज खालिद गाडी सर्व्हिसला घेऊन आला. पुढचे ब्रेक खोलायचे होते, म्हणजे त्या रेघा तुटणार होत्या. मला पाना लावता येईना. शेवटी त्याला आत बोलावलं, बसवलं, आणि सगळं सांगितलं. सैल बोल्ट, व्हिडिओ, न लावलेला फोन, पंपावरचं खोटं. म्हटलं, गाडी दुसरीकडे न्यायची तर ने, लोकांना सांगायचं तर सांग.

त्याचं कपाळ लाल झालं होतं. मग उठला, गाडीखाली वाकून त्या रेघा बघून आला. "मेरी माँ थी उसमें, उस्ताद," एवढंच म्हणाला. मी मान खाली घातली. दारापर्यंत जाऊन तो थांबला. "काम यहीं करो. लेकिन आज से चेक कोई और करेगा. मेरे सामने."

मी जुने बोल्ट काढले, नवे घातले. टॉर्क पान्याने आवळले, टक् ऐकलं, पिवळी रेघ मारली. मग इरफानला बोलावलं. त्याला ताणाचा आकडा सांगितला, पाना दिला, नवा लाल मार्कर दिला. तो लाजला. "मैं, उस्ताद? आपका काम चेक करूँ?" मी म्हटलं, कर.

एकेक करत तो गेला. टक्. टक्. शेवटच्या बोल्टाला पाना थोडा फिरला... आणि मग टक्.

"उस्ताद," तो चाचरत म्हणाला, "ये वाला थोड़ा रह गया था."

खालिद भिंतीला टेकून बघत होता. मी माझी पिवळी रेघ पुसून पुन्हा मारली, इरफानने त्यावर लाल मारली. सरळ, उजव्या हाताची.

जुने बोल्ट माझ्या टेबलावर आहेत, हे लिहितोय त्याच्या शेजारी. त्यावर तिरकी लाल रेघ अजून स्पष्ट आहे. कोणाला काही सुचत असेल तर खाली लिहा. खवचट लिहिलंत तरी चालेल, मी ते कमावलंय. बोल्ट घट्ट होते, एवढंच मी शपथेवर सांगू शकतो... आणि ते मी आवळले नव्हते.